दात कुठल्या गावचा

तळ्यात मांडीइतक्या चिखलात रुतलेला माणूस हात पुढे करील, असं लामदुआनला वाटलं होतं. त्यानं बोट पुढे केलं.

"ती... तुमच्या पायाजवळची गोगलगाय. तेवढी टाकता का इकडे?"

"आणि तुम्हाला कोण काढणार?"

"आधी ती. मी कुठे चाललोय!"

भाताची कापणी होऊन महिना झाला होता. शेतं पिवळी, रिकामी, जानेवारीचं ऊन कोवळं. बांधावर सायकल टेकवून लामदुआन हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की हा माणूस तिच्या डोळ्यांत बघत नाहीये. दातांत बघतोय.

"काय बघताय?"

"माफ करा हं. कुणी हसलं की माझी नजर आधी दातांवर जाते. सवयच आहे."

"डॉक्टर आहात?"

"आहे... पण मेलेल्यांचा."

तिनं बांबू पुढे केला, त्यानं तो धरला, आणि मग बराच वेळ नुसते चिखलाचे आवाज. वर आला तो अनवाणी. चपला तळ्यानं ठेवून घेतल्या. बोलणं दक्षिणेकडचं. तिकडची माणसं बोलताना निम्मे शब्द गिळतात. हा गडबडीत उरलेलेही गिळत होता. त्याचं नाव खाचोन. समुद्रकाठच्या कोळ्याचा मुलगा, बँकॉकच्या प्रयोगशाळेत नोकरी. बान नोन याङ गावच्या टेकाडावर खोदकाम चालू होतं, तिथं निघणाऱ्या माणसांच्या दातांवरून ती कुठली, हे शोधायला तो आला होता.

"म्हणजे माझ्याकडेच," लामदुआन म्हणाली. "सहा वर्षं झाली मला तिथं. बसा मागे. पाय वर घ्या, चाकात अडकतील."

*

टेकाडावर गावातल्याच बाया कामाला. मोठमोठे प्राध्यापक येत, टोपी घालून उभे राहत, जात. हाडापर्यंत पोचायचं ते या बायांच्या हातातल्या छोट्या करणीनं. त्यातही लामदुआनचा हात असा, की हाड अजून चार बोटं खाली असतानाच तिची करणी आपोआप हळू होई. कुठलंही मढं सापडलं की ती आधी उकडलेलं अंडं, लाल सरबताची बाटली आणि दोन उदबत्त्या ठेवी. बाटलीत नळीसुद्धा घाली. ओठ नसलेल्या माणसानं प्यायचं कसं, हा प्रश्न कुणी विचारत नसे.

चौदा नंबरच्या खड्ड्यात एक बाई होती. दोन हजार वर्षांपूर्वीची. उशाशी मातीची भांडी, हाताशी टकळीची चकती. तिला सगळ्या बाया आजी म्हणत. खाचोन चिमटा घेऊन वाकला, तशी लामदुआननं त्याचा हात अडवला.

"विचारल्याशिवाय नाही, आचान." शिकलेल्या माणसाला इथं आचानच म्हणतात. मग ती खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसली. "आजी, हा मुलगा दक्षिणेकडचा आहे. जरा उतावळा आहे, पण मनानं बरा आहे. एक दात द्या त्याला."

"मी मनानं बरा आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"आजीला पटवायचं तर थोडं खोटं बोलावं लागतं."

सगळ्या बाया फिस्सकन हसल्या. आजीनं दात दिला. न कुरकुरता, सहज सुटून आला.

त्या दुपारी चाळणीपाशी बसून त्यानं तिला सांगितलं... दाताचं वरचं आवरण लहानपणीच तयार होतं आणि पुढे आयुष्यभर बदलत नाही. जमिनीत स्ट्रॉन्शियम नावाचं द्रव्य असतं, त्यातल्या दोन प्रकारांचं प्रमाण प्रत्येक मुलखाचं वेगळं. "खडकातून माती, मातीतून भात, भातातून दात. माणूस कुठंही जाऊन मेला, तरी दात सांगतो तो कुठं वाढला ते."

"चहाडखोर आहे म्हणजे."

"खरं बोलतो."

"तेच म्हणते मी."

थोंगसाई मावशी शेजारी खापरं धूत होती. गावात कुणाचं जमतंय असं दिसलं, की मावशीला यमक जुळवून गाणं सुचे. ती नजर वर न करताच म्हणाली,

"तळ्याच्या काठी उभा, कोण ग परदेशी
चिखलात पाय त्याचे, नजर कुणापाशी?"

खाचोनचे कान लाल झाले. उत्तरादाखल दुसऱ्या दिवशी त्यानंही दोन ओळी रचून आणल्या. त्यात समुद्र होता, होडी होती, आणि यमक कुठंच नव्हतं. बाया दोन दिवस हसत होत्या. लामदुआन हसली नाही. तिनं त्या ओळी पाठ केल्या.

*

महिनाभर असंच गेलं. ती चिकट भाताची टोपली उघडायची, तो आंबवलेल्या माशाच्या वासानं नाक दाबायचा आणि मग दाबलेल्या नाकानंच खायचा. कधी एकाच ताटलीतले दात निवडताना बोटाला बोट लागायचं... दोघंही त्या दाताकडे बघत राहायची, जणू त्यानंच काही केलं.

निघायच्या आधी त्याला एक गोष्ट हवी होती. इथल्या जमिनीचा आकडा. मढ्यांचे दात कशाशी ताडून बघायचे, त्यासाठी इथंच वाढलेल्या जनावरांचे दात लागतात. गोगलगायींची कवचं त्यानं जमवली होती, पण घरच्या उष्ट्यावर वाढलेलं डुक्कर मिळालं तर उत्तम, असं तो लामदुआनच्या आईला, बुआरियनबाईंना म्हणाला. बाईंनी मान हलवली. दोन दिवसांनी केळीच्या पानात गुंडाळलेले तीन जबडे त्याच्या हातात ठेवले. त्यानं कमरेत वाकून दोनदा आभार मानले, आणि बँकॉकच्या बसमध्ये चढला.

रोज फोन यायचा. आधी दातांबद्दल, मग दातांबद्दल म्हणून, मग दातांचं नावही न काढता. थोंगसाई मावशीला गाणी पुरेनात.

लामदुआनच्या मनात मात्र एक खडा होता. ती घरातली धाकटी लेक. दोघी बहिणींची लग्नं झालेली. या गावात धाकट्या लेकीला घर मिळतं, आणि घराबरोबर आईबापही. तिचा नवरा तिच्या घरी येतो. तीन वर्षांपूर्वी एक चांगला मुलगा तिला म्हणाला होता, रायोंगला चल, मला तिथं कारखान्यात नोकरी आहे. ती गेली नाही. त्यानं वर्षभर वाट पाहिली आणि दुसरी केली. तिचं काही चुकलं नव्हतं, त्याचंही नव्हतं. पण त्यानंतर फोनवर कुणी गोड बोललं, की तिला आधी बसचा आवाज ऐकू येई.

*

मार्चच्या मध्याला खाचोन परत आला. हातात कागदांची चळत, चेहरा उजळलेला. घर खांबांवर उभं. खाली सावलीत माग. ती मागाशी बसली होती.

"चौदा नंबरची आजी इथली नाही!"

धोटा थांबला. "काय म्हणालात?"

"ती एकटीच नाही. सातही बायका. सगळ्यांचे आकडे इथल्या आकड्यापेक्षा वेगळे. पुरुषांतले तीन मात्र अगदी तंतोतंत जुळतात. म्हणजे बायका बाहेरून आल्या. नवऱ्याच्या घरी."

"शक्य नाही."

"आकडे आहेत, लामदुआन."

"सातही जणींच्या उशाला एकाच नक्षीची भांडी होती. ती नक्षी आई लेकीला शिकवते. सात गावांच्या सात बायका एकच नक्षी कशा काढतील?"

"भांडी उचलून आणता येतात. दात नाही." तो बाकावर बसला, उठला, परत बसला. "मी काय म्हणत होतो... तेव्हाही बायका जात होत्या. दोन हजार वर्षांपूर्वी. मग आता तू जर—"

"मी जर काय?"

"माझ्याबरोबर बँकॉकला आलीस... लग्न करून... तर?"

लामदुआन त्याच्याकडे बघत राहिली. किती दिवस ती या शब्दांची वाट बघत होती, आणि आले ते असे.

"पहिल्यांदा विचारताय, आचान," ती सावकाश म्हणाली, "आणि साक्षीला सात मढी घेऊन आलात?"

त्याचा चेहरा उतरला. ती बोलतच राहिली. "आईच्या गुडघ्यांनी जिना चढवत नाही. बाबांना एका कानानं ऐकू येत नाही. मी गेले तर या घराला कुलूप लागेल. तुम्ही मला यायला सांगा, मी नाही म्हणेन, रडेन, ते माझं मी बघेन. पण आजी गेली म्हणून मीही जावं, असं नका सांगू."

आंब्याच्या झाडावर खारूताई ओरडत होती. मग तिनंच कागद ओढून घेतले. राग आला तरी ती टेकाडावरची बाई होती. कुठला थर कशावर बसलाय, ते बघितल्याशिवाय तिला राहवेना.

"इथला आकडा, इथला आकडा म्हणताय. तो कशावरून काढला?"

"तुमच्याच डुकरांवरून. आईंनी दिले ते तीन जबडे."

"आणि गोगलगायी?"

"त्या बायकांच्या आकड्याशी जुळत होत्या खरं तर... पण तळ्यात कालव्याचं पाणी येतं ना, लांबच्या धरणाचं. म्हणून मी त्या बाजूला ठेवल्या."

लामदुआनचा हात कागदावर तसाच राहिला. गावातलं डुक्कर कापलं, की त्याचं डोकं जातं गावाच्या रखवालदार देवाला. अख्खं, जबड्यासकट. देवराईत पुरतात. घरात जबडा राहत नाही. राहूच शकत नाही. मग आईनं एकदम तीन आणले कुठून?

*

बुआरियनबाई मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

"आई, ते जबडे कुठले?"

"कुठले म्हणजे? डुकरांचे."

"आई."

"बाजारातले," बाई मिरच्यांना म्हणाल्या. "तो ट्रकवाला येतो बघ, डोंगरापलीकडच्या फार्मवरून. त्याच्याकडचे."

"अगं, त्यांना इथली डुकरं हवी होती!"

"मग देवाच्या तोंडचं काढून देऊ? आणि पाहुणा दारात उभा, त्याला नाही म्हणू? जबडा मागितला, जबडा दिला. डुकराच्या कपाळावर लिहिलेलं असतं का, कुठल्या गावचं ते?"

"कपाळावर नाही गं आई. दातात लिहिलेलं असतं."

बाईंच्या हातातली मिरची खाली पडली. मग त्यांनी पदर नाही, गळ्यातला पंचा तोंडाला लावला. "अगंबाई... म्हणजे त्या पोराचं सगळं..."

"सगळं."

लामदुआनला वाटलं, आपणच जाऊन सांगावं, आईला मध्ये न घेता. पण बाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी अंगण ओलांडून मागापाशी गेल्या, आणि लेकीच्या वयाच्या माणसापुढे त्यांनी हात जोडले.

"बाळा, चूक माझी. डुकरं परगावची होती."

खाचोनला समजायला क्षणभर लागला. मग चेहऱ्यावरचा रंग गेला. अहवाल वरिष्ठांकडे केव्हाच पोचला होता. पण तो बाईंपेक्षा खाली वाकला. "तुमची नाही, आई. डुक्कर कुठलं, हे मी विचारायलाच हवं होतं. मी नुसते आभार मानत बसलो."

मग ऐकू न येणारे बाबा, ज्यांनी एका कानानं सगळं ऐकलं होतं, म्हणाले, "बिळातले उंदीर चालतील का? शेतातले. जन्मात शंभर पावलांपलीकडे जात नाहीत. आणि कालव्याचं पाणी पीत नाहीत, दव चाटतात."

दोन दिवस बाबा आणि खाचोन मिळून सापळे लावत होते. सहा उंदीर मिळाले. "डोकी तुझी," बाबा म्हणाले, "बाकीचं भाजून आमचं." खाचोननं अहवाल मागे घेण्याचं पत्र लिहिलं, डोकी डब्यात घातली, आणि लामदुआन त्याला बसपर्यंत सोडायला गेली.

"वरिष्ठ रागावतील?"

"रागावतीलच. रागवायलाच हवं." तो रस्त्याकडे बघत होता. "परवाचं... मी जे बोललो—"

"उंदरांना बोलू द्या आधी," ती म्हणाली. थट्टेनंच म्हणाली, पण आवाज थट्टेचा निघाला नाही. "त्यांनीही आजीला बाहेरची म्हटलं, तर मी विचार करीन. यायचा."

"आणि इथली म्हटलं तर?"

बस आली. तिनं डबा त्याच्या हातात दिला.

*

मग फोन आला नाही. एक आठवडा, दोन, तीन. एप्रिलात इथल्या नव्या वर्षाचा सण आला. पोरांनी एकमेकांवर पाणी उडवलं, बुद्धाच्या मूर्तीला सुगंधी पाण्यानं न्हाऊ घातलं, शहरात कामाला गेलेली माणसं आली आणि गेली. थोंगसाई मावशी गाणं म्हणायची थांबली, यावरूनच लामदुआनला कळलं की आपला चेहरा कसा दिसतोय. ती धोटा फेकत राहिली. एक हात भरला, दोन हात भरले.

सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, तिनं मान वर केली तर आंब्याखाली खाचोन. सोबत पत्र्याची ट्रंक, पुस्तकांची दोन खोकी आणि वाळवलेल्या कोळंबीची एक मोठी पिशवी.

ती उठली नाही.

"निकाल लागला?"

"नाही. यंत्राचा नंबर पुढच्या महिन्यात आहे."

"मग... आलात कशाला?"

"निकालाच्या आधी यायचं होतं, तेवढ्यासाठीच." तो ट्रंकेवर बसला. या वेळी त्यानं एकही शब्द गिळला नाही. "बसमध्ये तो डबा मांडीवर होता. विचार आला, मी कशाची वाट बघतोय? हे उंदीर जे म्हणतील त्याप्रमाणे मी येणार, नाहीतर नाही येणार? अशा माणसाला तू घरात का घ्यावंस? तेव्हाच्या बायका कुठून आल्या, ते मी शोधून काढीन, ते माझं काम आहे. पण आपलं त्यांना कशाला विचारायचं?"

"प्रयोगशाळा?"

"सोडली. जिल्ह्याच्या कॉलेजात शिकवायची नोकरी धरली. ते पक्कं होईपर्यंत फोन करवला नाही. मोटारसायकलनं पाऊण तास. दात घेऊन वर्षातून दोनदा बँकॉकला जाईन."

"मोठी नोकरी होती ती."

"होती," तो म्हणाला. खोटं नाही बोलला. "वाईट वाटतं. वाटेल अजून काही दिवस."

"आणि समुद्र?"

आता मात्र त्यानं कोळंबीची पिशवी जवळ ओढली. "आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी ही कोळंबी बांधून दिली. म्हणाली, तुझी थोरली बहीण आहे माझ्यापाशी. तू जा, पण तिथल्या माशाला मासा म्हणू नकोस."

लामदुआनला हसू आलं आणि त्यातच रडूही. दोन्ही एकदम आल्यानं तिनं तोंड धोट्याआड लपवलं. त्यानं या वेळी दातांकडे पाहिलं नाही. डोळ्यांत पाहिलं.

वर जिन्यातून बुआरियनबाईंनी विचारलं, "किती दिवस राहणार आहे गं पाहुणा?"

"विचार ना त्यालाच," लामदुआन म्हणाली. "न विचारता काय होतं, ते बघितलंस ना?"

*

लग्न मेमध्ये ठरलं. चार दिवस आधी बँकॉकहून फोन आला. सातही बायका इथल्याच. याच मातीत जन्मल्या, याच मातीत गेल्या. पुरुष मात्र दहा दिशांचे. आणि ते तीन, जे डुकरांशी तंतोतंत जुळले होते, ते डोंगरापलीकडचे.

बाबांनी बऱ्या कानानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे जावई आणि डुकरं एकाच वाटेनं आले की!" आणि होणाऱ्या जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्याला ठसका लागला.

लग्नाच्या सकाळी ढोल वाजवत वरात आली. दारातल्या मुलींनी फुलांच्या माळा आडव्या धरल्या, हजार थट्टा केल्या, मग सोडलं. जिन्याच्या पायथ्याशी दगड, दगडावर केळीचं पान. घरात पाऊल टाकण्याआधी नवऱ्यानं त्यावर उभं राहायचं, आणि नवरीच्या धाकट्या भावंडानं त्याचे पाय धुवायचे. धाकटं भावंड नव्हतं, लामदुआनच धाकटी. मावसबहिणीला सांगून ठेवलं होतं, ती नेमकी वेणी घालत बसली होती. ढोल थांबला. खाचोन पानावर अनवाणी उभा, सगळं गाव बघतंय.

लामदुआन वरून उतरली. नवरीनं उतरायचं नसतं. रेशमी वस्त्र एका हातानं सावरत ती दगडापाशी बसली आणि मडक्यातलं पाणी घेतलं.

"अगं, तू नाही! तू कशी?" वरून आईचा आवाज.

"धाकटी मीच आहे, आई."

पाणी त्याच्या पायांवरून लाल होऊन वाहू लागलं. गावच्या रस्त्याची धूळ.

"दात तर समुद्राचे राहणार माझे," तो वाकून हळूच म्हणाला. "त्याला इलाज नाही. पण हाडं बदलत असतात. जुनी झिजतात, नवी भरतात... दहा-बारा वर्षांत इथल्या भातापाण्याची होतील."

"दहा-बारा वर्षं लागतील?"

"हाडांना. मला नाही."

तिनं दुसरा पाय धुतला. टाचेपासून बोटांपर्यंत, सावकाश. मग पंच्यानं पुसला, उभी राहिली, आणि इतके महिने आचान म्हणणारी ती, सगळ्या गावासमोर त्याचा हात धरून, नवऱ्याच्या नावाआधी इथं मायेनं लावतात ते 'पी' लावून म्हणाली,

"पी खाचोन, वर चला. आई जिन्यात उभी आहे, तिचे गुडघे दुखतात."